एका माणसाची रस्ते समिती

ईस्ट हॅरोमध्ये मर्टन बेडेलला कंजूष म्हणणारा माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो गावात नवा असणार. बर्फात कुणाची गाडी गटारात घसरली की साखळी घेऊन मर्टन हजर. म्हाताऱ्या मिसेस गुडरिचच्या घरामागे दर ऑक्टोबरात गाडीभर चिरलेली लाकडं येऊन पडत, आणि ती कुणी टाकली हे विचारायचं नाही अशी रीतच पडून गेली होती. पण हीच लाकडं गावाने द्यावीत असं चुकून कुणी सुचवलं असतं, तर मर्टनने उभं राहून छत डोक्यावर घेतलं असतं. एका माणसाने दुसऱ्याला दिलं तर ती माया, आणि गावाने कर गोळा करून दिलं तर तो दरोडा, इतका त्याचा हिशेब सरळ होता.

मार्चचा पहिला मंगळवार हा त्याचा सण. व्हरमाँट राज्यातली आमची लहान गावं त्या दिवशी शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या मांडून बसतात आणि वर्षाचा खर्च ओळीओळीने मंजूर करतात. कुणीही उठावं, कुठल्याही ओळीला हरकत घ्यावी. मर्टन एकतीस वर्षं जवळजवळ प्रत्येक ओळीला हरकत घेत आला होता. झेंड्याच्या दोरीला अठरा डॉलर मागितले, की हा उठून विचारणार, गेल्या वर्षीची दोरी कुठे गेली? मग जुनी दोरी शोधून आणायची, सभेत हातोहात फिरवायची, ती झिजली आहे की नुसती मळली आहे यावर मत घ्यायचं. एका वर्षी कचेरीच्या संडासाच्या कडीवर पन्नास मिनिटं गेली. शेवटी जिम तापवायला लागणारं तेल वाचावं म्हणून मर्टननेच ठराव आणला, की कुणीही एका वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. ठराव मंजूर झाला आणि त्याबद्दल सभेचे आभार मानताना दोन मिनिटं संपली म्हणून पहिला थांबवला गेला तो मर्टनच.

त्याच्या बरोबर उलटा माणूस म्हणजे नायल्स पेट्रिलो. हा न्यू जर्सीहून आलेला निवृत्त पियानो मास्तर. याला कर भरताना आनंद व्हायचा. नुसता समाधानी असता तरी मर्टनने सहन केलं असतं, पण हा चेक द्यायला शीळ घालत यायचा.

"मर्टन, तिकडे मी याच्या तिप्पट भरत होतो," तो दुकानात सांगायचा. "आणि तरी दारासमोर खड्डा होता."

"मग तिकडेच आणखी भरायचे होतेस. इथे कशाला आलास आमची सवय बिघडवायला?"

"इथे निदान बर्फ तरी उचलतात रे."

"बर्फ मे महिन्यात आपोआप जातो. फुकट."

गेल्या वर्षीच्या सभेत रस्त्यांचा खर्च निघाला तेव्हा मर्टन उठला. या गावात असे रस्ते आहेत, तो म्हणाला, की तिथे राहणाऱ्याला हॉटेलात ठेवलं तरी स्वस्त पडेल. कुठल्या रस्त्यावर दर घरामागे किती पैसे जातात, हे आजवर कुणी मोजलंय का? कुणीच मोजलं नव्हतं. आमच्याकडे जो तक्रार करतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे मर्टनला ठाऊक असायला हवं होतं. पण तो रंगात आला होता. पेट्रिलोने समितीचा ठराव मांडला. समिती म्हणजे उधळपट्टी, असं मर्टन म्हणाला. तेव्हा पेट्रिलो म्हणाला, मग एकाच माणसाची करू, बिनपगारी, आणि तो माणूस म्हणजे मर्टन बेडेल. बारा वाजत आले होते, शेजारच्या खोलीतून सभेच्या जेवणातल्या बीन्स आणि हॅमचा वास सुटला होता. ठराव एका आवाजात पास झाला.

आता समिती एका माणसाची असली तरी ती सरकारी. तिची बैठक जाहीर हवी, सूचना तीन ठिकाणी लावायला हवी, इतिवृत्त हवं. मर्टन नियम मोडणाऱ्यातला नव्हता. दर गुरुवारी चार वाजता तो कचेरीत एकटा बसायचा. पहिल्याच बैठकीत त्याने अध्यक्षपदासाठी आपलं नाव सुचवलं. सुचवणाऱ्याला अनुमोदन लागतं. ते द्यायला दुसरा सदस्य नव्हता. त्याने पाच वाजेपर्यंत वाट पाहिली आणि इतिवृत्तात लिहिलं, 'अनुमोदनाअभावी सभा तहकूब.' पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच.

चौथ्या गुरुवारी पेट्रिलो जनता म्हणून येऊन बसला. जनतेला दोन मिनिटं बोलता येतं.

"तू स्वतःला अध्यक्ष समज आणि कामाला लाग," पेट्रिलो म्हणाला.

"समज म्हणजे काय? हे घरचं काम आहे का?"

"मग मी देतो अनुमोदन."

"तू सदस्य नाहीस. आणि तुझी दोन मिनिटं संपली."

अखेर गावच्या पंचांनी बसून निर्णय दिला, की एकट्या माणसाला अध्यक्ष लागत नाही. हा निर्णय घ्यायला पंचांच्या तीन बैठका झाल्या. त्या वेळी तापवलेल्या खोलीच्या तेलाचा खर्च मर्टनने पुढे आपल्या अहवालात तळटीप म्हणून दिला.

रस्ता मोजायला चाक लागतं. ते विकत घेणं शक्यच नव्हतं. मर्टनने कोठीतल्या जुन्या सायकलचं पुढचं चाक काढलं, त्याला काठी बांधली, आऱ्यांत खेळायच्या पत्त्याचा तुकडा अडकवला. एका फेऱ्याला एक टक्. उन्हाळाभर गावातल्या चौतीस रस्त्यांवर ही टकटक ऐकू येत होती. कुणी वाटेत हाक मारली की आकडा चुकायचा आणि हा मागे फिरून पुन्हा सुरुवातीपासून मोजायचा. जुलैपर्यंत लोक त्याला पाहून दाराआड व्हायला लागले. रस्त्यांचा मुकादम लेलंड याने मीठ किती, वाळू किती, डिझेल किती हे आकडे दिले. त्यांना घरांनी भागायचं काम मर्टनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिलीने केलं.

आपला रस्ता त्याने सगळ्यांत शेवटी ठेवला होता. बेडेल टेकडीचा रस्ता गावातून निघतो, दीड मैल चढतो आणि मर्टनच्या अंगणात संपतो. वाटेत दुसरं घर नाही. मर्टनने तो एकदा मोजला. मग पुन्हा मोजला. मग वरून खाली येताना मोजला, उतारावर कमी भरेल या आशेने. भरला तेवढाच भरला. दर हिवाळ्याला नऊ हजार एकशे चाळीस डॉलर, एका घरासाठी. चौतिसांत इतका महाग रस्ता दुसरा नव्हता. त्याच्या खालोखालचा याच्या निम्माही नव्हता.

त्या संध्याकाळी त्याची बायको अर्लीन समोर बसून ॲपल पायसाठी सफरचंदं सोलत होती. अर्लीन एकोणसत्तर वर्षांची, गेल्याच वर्षी डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. त्रेचाळीस वर्षांपूर्वी ती या टेकडीवर आली तेव्हापासून सभेच्या जेवणातले निम्मे ॲपल पाय तिच्याच हातचे असत.

"झालं का एकदाचं?" तिने विचारलं.

"झालं."

"काय निघालं मग?"

"तेहतीस ठीक आहेत. एक वाईट निघाला."

"कुणाचा रे?"

"एका टेकडीवरचा."

"अगंबाई. बिचारे," अर्लीन म्हणाली. "आता त्यांचं कसं होणार?"

मर्टनने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक आधीच होतं. त्याला तेव्हाच सांगायचं होतं, तोंडाशी आलंही होतं. पण तिने सोललेलं सफरचंद त्याच्या हातात दिलं आणि ते खाण्यात वेळ निघून गेली.

फेब्रुवारीत गावाचा वार्षिक अहवाल छापून घरोघरी गेला. दर वर्षी मर्टन तो रात्रीच्या जेवणाला मोठ्याने वाचायचा, एकेका पानावर संतापत. म्हणून अर्लीनने आपली प्रत कधी उघडलीच नव्हती. यंदा त्याने सेहेचाळीसावं पान वाचलं आणि अठ्ठेचाळीसावं सुरू केलं.

"सत्तेचाळीस?" अर्लीनने विचारलं.

"नुसता तक्ता आहे. तुला कंटाळा येईल."

"मला पंचेचाळिसाव्याचाही आला होता. तेव्हा कुठे थांबलास?"

पण तिने फार ताणलं नाही. मर्टनला त्या रात्री झोप लागली नाही, आणि हे त्याने स्वतःशीही कॉफीवर ढकललं.

सभेच्या दिवशी विषय क्रमांक एकोणीस दुपारच्या जेवणाआधी निघाला. सभापती विनिफ्रेड कॉबर्न यांनी चष्मा लावून वाचलं, "बेडेल टेकडीच्या रस्त्यावरील बर्फ यापुढे गावाने काढू नये, जेणेकरून दर वर्षी नऊ हजार एकशे चाळीस डॉलरची बचत होईल. प्रस्ताव मांडणार, मर्टन बेडेल."

जिममध्ये दीडशेच्या आसपास माणसं असतील. शेजारच्या खोलीच्या दारात अर्लीन ॲपल पाय कापायची सुरी हातात धरून उभी राहिली.

मर्टन म्हणाला, "आकडे पान सत्तेचाळीसवर आहेत. एकतीस वर्षं मी तुम्हाला काटकसर करा म्हणतोय. ही घ्या."

"अनुमोदन?" विनिफ्रेडने विचारलं.

अनुमोदन कुणी देईना. काटकसरवाले सगळे बुटांकडे बघायला लागले. मर्टनचा रस्ता गेला तर पुढच्या वर्षी कुणाचा, हे ज्याचं त्याला कळत होतं. पुन्हा अनुमोदनावाचूनच अडतंय की काय असं मर्टनला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या छातीवरचा दगड जरा हललाही. तेवढ्यात पेट्रिलोने हात वर केला.

"चर्चा व्हावी एवढ्याचसाठी मी अनुमोदन देतो," पेट्रिलो म्हणाला. "आणि आता विरोधात बोलतो. हा चक्क वेडेपणा आहे. या माणसाला रस्ता मिळालाच पाहिजे, त्याची इच्छा असो वा नसो!"

मग सगळं गाव उलटंसुलटं झालं. एकतीस वर्षं मर्टनशी भांडलेली माणसं त्याच्या रस्त्यासाठी गळा काढू लागली आणि मर्टन एकेकाला खोडत सुटला. लेलंड म्हणाला, मी पहाटे पाचला ट्रक घेऊन वर जातो, तिथे अर्लीनकडे कॉफी आणि गरम डोनट मिळतो, तिथेच ट्रक वळवतो, मग खालचे रस्ते करतो. रस्ता बंद झाला तर मी वळू कुठे? मर्टनने त्याला आकडा मागितला. डोनट किती खातोस? दोन, लेलंड म्हणाला. तीन, दारातून अर्लीन म्हणाली. त्यावर विनिफ्रेडने हातोडा आपटून सांगितलं, की बोलायचं असेल तर रीतसर आत या.

अर्लीन आत आली. सुरी तिने वाटेत कुणाच्या तरी हातात दिली.

आमच्या सभेत कुणी कुणाशी थेट बोलत नाही. जे काय बोलायचं ते सभापतीला उद्देशून. त्याने भांडणं निम्म्यावर विझतात असा जुन्या लोकांचा अनुभव आहे. नवराबायकोचा अनुभव त्यांनी घेतला नसावा.

"सभापतीबाई," अर्लीन म्हणाली, "त्या गृहस्थांना विचारा, हा रस्ता कुणाच्या घरी जातो हे त्यांना माहीत आहे का."

"मि. बेडेल?"

"सभापतीबाई, तिला सांगा, माहीत आहे. तीनदा मोजलाय."

"मग त्यांना विचारा, हिवाळ्यात मी घरी जायचं कसं."

"तिला सांगा, माझ्याकडे लाकडं ओढायची घसरगाडी आहे. मी तिला बसवून ओढत नेईन."

"त्यांचं वय विचारा."

"एकाहत्तर," विनिफ्रेड स्वतःच म्हणाल्या. "मि. बेडेल, मला तुमचं वय माहीत आहे, आपण एका वर्गात होतो."

सगळी सभा खदखदून हसली. अर्लीन हसली नाही. तिचा आवाज बारीक झाला तसे लोक पुढे झुकले.

"सभापतीबाई, रस्त्याचं जाऊ द्या. त्यांना एवढंच विचारा, की हे सप्टेंबरपासून ठाऊक असताना त्यांनी मला घरी का सांगितलं नाही. मी समोर बसले होते. त्यांच्यासाठी सफरचंद सोलत होते. 'बिचारे' म्हणाले मी! स्वतःलाच!"

"हे विषयाला धरून आहे का?" कुणीतरी मागून विचारलं.

"खाली बस," विनिफ्रेड त्याला म्हणाल्या. "मि. बेडेल, उत्तर द्या."

मर्टनने हातातल्या अहवालाची सुरळी केली, उलगडली, पुन्हा केली. दोन मिनिटांतली बरीचशी तशीच गेली.

"सभापतीबाई," तो शेवटी म्हणाला, "तिला सांगा, मी सांगितलं असतं तर ती रडली असती. आणि ती रडली असती तर मी आकडा बदलला असता."

विनिफ्रेडने हे पुढे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. अर्लीनने ऐकलंच होतं. एकतीस वर्षांत या माणसाने एक सेंट इकडचा तिकडे केला नव्हता, आणि तिच्या रडण्यापुढे आपण आकडाही बदलला असता, हे तो सगळ्या गावासमोर कबूल करत होता.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "रस्ता बंद झाला तर नोव्हेंबर ते एप्रिल मी बॅरे गावी बहिणीकडे राहीन. हा गुडघा घेऊन मी काही घसरगाडीत बसणार नाही. त्यांनी वर राहावं, आणि त्यांना डोनट त्यांच्या त्या आकड्यानेच तळून घालावेत."

"मतदान," विनिफ्रेड म्हणाल्या.

आधी आवाजी मत घेतलं. दोन्ही बाजूंचा आवाज सारखाच वाटला. तेव्हा नियमाप्रमाणे माणसांना उठवून भिंतींना लावलं. बचत हवी त्यांनी डाव्या भिंतीला, रस्ता हवा त्यांनी उजव्या. रस्तावाले सहज जिंकतील असं मर्टनला वाटलं होतं, पण गावाला शहाणपणाचं वावडंच. डावीकडे एकेक जण सरकायला लागला. मिसेस गुडरिचही काठी टेकत डावीकडे गेल्या.

"तुम्हीसुद्धा?" पेट्रिलो ओरडला.

"बापड्याने आयुष्यभर मागून मागून एक गोष्ट मागितली," मिसेस गुडरिच म्हणाल्या. "ती नाही कशी म्हणू? बरं दिसतं का?"

निम्मं गाव असंच मर्टनच्या मायेपोटी मर्टनच्याच रस्त्याच्या विरुद्ध जाऊन उभं राहिलं. निम्मं अर्लीनच्या बाजूला. चिटणीस दोनदा मोजून आली. डावीकडे एकाहत्तर, उजवीकडे एकाहत्तर. मधे रिकाम्या खुर्च्यांत मर्टन एकटा.

तो दर वर्षी शेवटी मत द्यायचा, सगळे कुठे चुकतायत हे आधी नीट बघून. आज त्याने डावीकडे पाहिलं. तिथे त्याची उन्हाळाभराची टकटक होती, खरा निघालेला आकडा होता, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यामागे उभं राहिलेलं निम्मं गाव होतं. उजवीकडे अर्लीन डाव्या पायावर भार न देता उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या बास्केटबॉलच्या कड्याकडे पाहत होती, आणि तिची हनुवटी थरथरत होती.

"मि. बेडेल," विनिफ्रेड म्हणाल्या, "तुमचं मत राहिलंय."

"सभापतीबाई, प्रस्ताव मांडणाऱ्याला स्वतःच्या प्रस्तावाविरुद्ध मत देता येतं?"

"देता येतं. आजवर कुणी दिलं नाही."

"मग मी विरुद्ध," मर्टन म्हणाला. डावी भिंत हळहळली. "आणि माझं मत चुकीचं आहे, अशी नोंद करा."

चिटणिसाने पेन उचललं तसंच धरून ठेवलं. "चुकीचं असं कसं लिहू मी?"

"आकडे बघ आणि लिही. नऊ हजार एकशे चाळीस डॉलर. ही उधळपट्टी आहे, मर्टन बेडेलने डोळे उघडे ठेवून केली, असं लिही. मला पुढच्या वर्षी वाचायला हवं."

ती लिहीत असताना तो उजव्या भिंतीकडे निघाला. चार पावलांवर थांबला. आता काय करायचं हे त्याला नियमात कुठे सापडेना. तो पुन्हा व्यासपीठाकडे वळला.

"सभापतीबाई, माझ्या बायकोला विचारा, तिच्या शेजारी जागा आहे का."

विनिफ्रेडने चष्मा काढला. "मिसेस बेडेल?"

भिंतीला एकाहत्तर माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. एका बाजूला पेट्रिलो, दुसऱ्या बाजूला लेलंड, मधे बोट शिरायला जागा नव्हती. अर्लीनने हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि कोपराने पेट्रिलोला बाजूला ढकललं.

"आहे म्हणावं," ती म्हणाली.